दार्या वार्फोलोमेयेव : बर्नौलहून श्मीडेनला आलेली बारा वर्षांची मुलगी

अनुराधा_फेलबाख

नमस्कार मंडळी,

हा धागा मला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतरच काढायचा होता, राहून गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रिओला रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या (हूप, बॉल, क्लब्ज म्हणजे दोन छोट्या मुद्गली, आणि रिबन घेऊन संगीतावर करायचा खेळ) जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या दार्याने पुन्हा ऑल-अराउंडचं, म्हणजे चारही साधनांच्या एकत्रित गुणांचं, सुवर्ण घेतलं आणि लेक म्हणाली, "आई, आता तरी लिही."

आम्ही नऊ वर्षं फेलबाखला राहतो. श्टुटगार्टला लागून असलेलं गाव. टेकडीवर द्राक्षमळे, खाली एस-बानचं (उपनगरी रेल्वेचं) स्टेशन, पाहुण्यांना मी एवढीच ओळख करून द्यायचे. याच फेलबाखचा एक भाग म्हणजे श्मीडेन, आणि तिथे जर्मनीच्या रिदमिक जिम्नॅस्टिक्स संघाचं राष्ट्रीय केंद्र आहे. मला ते कळायला तीन वर्षं लागली. लेकीच्या वर्गातली एक मुलगी खांद्याला हूप अडकवून शाळेत आली होती. हे काय म्हणून विचारलं, तेव्हा समजलं.

दार्याचा जन्म ४ नोव्हेंबर २००६ चा, बर्नौलचा. बर्नौल म्हणजे दक्षिण सैबेरिया, ओब नदीचा काठ, अल्ताय प्रांत. आई स्वतः रिदमिकची खेळाडू, त्यामुळे पोर तिसऱ्या वर्षीच मॅटवर उतरली. आजोबांकडून जर्मन रक्त. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. व्होल्गाच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या जर्मनांना १९४१ मध्ये स्टालिनने उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. अल्तायमध्ये जर्मन वस्ती त्याच्याही आधीपासून होती, आजही तिथे एक जर्मन जिल्हा आहे. माझ्या ऑफिसात, लेकीच्या शाळेत, बेकरीत, जिथे जाल तिथे रशियाहून परतलेल्या जर्मन कुटुंबातलं कोणीतरी भेटतंच.

तर २०१९ मध्ये ही मुलगी श्मीडेनला आली. वय बारा. आईवडील सोबत नाहीत, भाषा येत नाही. ती दोघं नंतर आली.

बर्नौल ते श्टुटगार्ट सरळ रेषेत पाच हजार किलोमीटर भरतं. घड्याळात उन्हाळ्यात पाच तासांचा फरक आणि हिवाळ्यात सहाचा. म्हणजे संध्याकाळचा सराव आटोपून आठ वाजता घरी फोन करायचा म्हटलं, तर तिकडे मध्यरात्र उलटलेली. माझी लेक आता बरोबर बारा वर्षांची आहे, म्हणून हा हिशोब मी पुन्हा पुन्हा करते. सहलीला तीन दिवस गेली तरी माझं लक्ष फोनकडे असतं.

श्मीडेनमध्ये तिला प्रशिक्षक मिळाल्या त्या युलिया रास्किना. बेलारूसच्या, सिडनी २००० च्या रौप्यविजेत्या. पुढचं सगळं या दोघींनी मिळून उभं केलं आहे.

२०२२ हे तिचं सीनियर गटातलं पहिलं वर्ष. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या जागतिक स्पर्धेत ती पंधरा वर्षांची होती. ऑल-अराउंडमध्ये इटलीच्या सोफिया राफाएलीच्या मागे रौप्य आणि क्लब्जमध्ये थेट सुवर्ण. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, व्हॅलेन्सियाला हूप, बॉल, क्लब्ज, रिबन आणि ऑल-अराउंड, पाचच्या पाच वैयक्तिक सुवर्णपदकं तिची. सोळा वर्षांच्या मुलीने एकही सुवर्ण दुसऱ्या कुणाला सोडलं नाही. १९७५ मध्ये माद्रिदला पश्चिम जर्मनीची कार्मेन रिशर ऑल-अराउंड जिंकली होती. त्यानंतर ४८ वर्षांनी जर्मनीच्या वाट्याला हे पद आलं.

आणि मग पॅरिस. ९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. प्राथमिक फेरीत राफाएली पहिली, दार्या दुसरी. तेव्हाची युरोपियन विजेती, बल्गेरियाची निकोलोवा, चुका झाल्यामुळे अंतिम फेरीतच पोचली नव्हती, म्हणजे त्या गालिच्यावर कुणाचाही भरवसा देता येत नव्हता. आम्ही शेजाऱ्यांकडे जमलो होतो. हूप झालं, बॉल झाला, क्लब्ज झाले. शेवटची रिबन सुरू झाली तेव्हा शेजारच्या आजींनी लेकीचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या मनगटावर वळ उठले. बेरीज आली १४२.८५०. बल्गेरियाची बोरियाना कालेयन १४०.६००, राफाएली १३६.३००. आणि चौथी कोण, तर जर्मनीचीच मार्गारिटा कोलोसोव्ह. पहिल्या चारांत दोघी जर्मन, दोघीही श्मीडेनच्या. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे आणि जर्मनीचं त्यातलं हे पहिलंच सुवर्ण.

वर्षाअखेरीस क्रीडा पत्रकारांनी तिला जर्मनीची वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं. फुटबॉलच्या या देशात हा सन्मान रिदमिकच्या मुलीला मिळाला, याचं मला फार वाटलं.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे इथे अधूनमधून "ती काय, रशियातून आणलेली मुलगी" असं ऐकू येतं. मला ते पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीला कुणी तयार करून आणत नाही. तिथून पुढची पाच वर्षं कुठे, कुणी, कशी घडवली हे बघावं लागतं. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

चक्रधर

सुंदर धागा. मी पॅरिसची अंतिम फेरी पाहिली होती, पण खरं सांगतो, गुणांचं काही कळलं नाही. कुणाचं साधन खाली पडलं तर समजतं. बाकी दोघी सारख्याच छान दिसतात आणि गुणांत दोन-तीनचा फरक. कुणी समजावून सांगेल का?

---

रिबनवाली

मी सांगते. शाळा-कॉलेजात आठ वर्षं रिदमिक केलं, राज्य पातळीपर्यंत खेळले, आता ठाण्यात लहान मुलींना शिकवते.

गालिचा १३ मीटर बाय १३ मीटर. एक रुटीन सव्वा ते दीड मिनिटाचं, चार साधनांची चार रुटीन्स, चारींची बेरीज म्हणजे ऑल-अराउंड. दार्याचे १४२.८५० म्हणजे सरासरी प्रत्येक रुटीनला ३५ च्या वर.

गुण तीन वाटांनी येतात. एक काठिण्य. त्यात शरीराचं काठिण्य, म्हणजे उड्या, तोल, गिरक्या, आणि साधनाचं काठिण्य, म्हणजे फेकणं, झेलणं, न बघता झेलणं, हाताशिवाय झेलणं. याच्या गुणांना दहासारखी वरची मर्यादा नाही, पण पंचांना स्पष्ट दिसेल तेवढंच मिळतं. दुसरी कलात्मकता आणि तिसरी अंमलबजावणी. या दोन्ही दहापैकी, चुकीगणिक कापत जायचं. साधन हातातून सुटलं आणि जागच्या जागी उचललं तर ०.५ गेले. एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७. तीन किंवा जास्त पावलं, किंवा साधन गालिच्याबाहेर, तर पूर्ण १. शिवाय जे काठिण्य करताना ते सुटलं, त्याचेही गुण गेलेच. प्रेक्षकांना एक चूक दिसते, खेळाडूचं दुहेरी नुकसान होतं.

चक्रधर, "दोघी सारख्याच दिसतात" म्हणालात ना, पुढच्या वेळी एकच गोष्ट बघा. साधन हवेत असताना मुलगी काय करते? सामान्य मुलगी फेकते, दोन गिरक्या मारते, वर बघते, झेलते. दार्या वर बघतच नाही. फेकलेल्या क्षणीच ते कुठे पडणार हे तिला माहीत असतं, आणि मधला वेळ ती शरीराच्या कामाला देते. क्लब्जमध्ये तर दोन साधनं, प्रत्येकी किमान १५० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या गतीने फिरणारी. तिचं पहिलं जागतिक सुवर्ण क्लब्जचं आहे याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

रिबनबद्दल थोडं जास्त लिहिते, माझं नावच ते आहे. सहा मीटर लांब साटीनची पट्टी, वजन फक्त ३५ ग्रॅम, काठी साधारण अर्ध्या मीटरची. तिचं टोक कधी स्थिर राहू द्यायचं नसतं. हात थांबला की पट्टी मरते, गालिच्यावर लोळायला लागते, गाठ बसते. गाठ बसली की ती सोडवण्यात सेकंद जातात आणि संगीत पुढे निघून जातं. सभागृहात एसीचा झोत असेल तर पट्टी आपलं ऐकत नाही. आम्ही स्पर्धेला गेलो की आधी छताकडे बघायचो, हवा कुठून येते ते. आणि शेवटच्या फेरीत, चौथं साधन म्हणून, दमलेल्या मनगटाने ही रिबन चालवायची. अनुराधाताई, तुमच्या शेजारच्या आजींना खेळ चांगला कळतो. त्यांनी बरोबर रिबनलाच हात धरला.

---

चक्रधर

रिबनवाली, मनापासून आभार. "वर बघतच नाही" हे वाचल्यावर व्हॅलेन्सियाचे व्हिडिओ पुन्हा लावले. खरंच वेगळं दिसतं.

---

सडेतोड_नगर

धागा आवडला, पण एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी होती. पॅरिसच्या रिदमिकमध्ये रशियन मुली नव्हत्या. २००० ते २०१६ सलग पाच ऑलिम्पिक सुवर्णं रशियाची: बार्सुकोवा, काबायेवा, कानायेवा दोनदा, मामुन. अशा देशाविना झालेल्या स्पर्धेतलं सुवर्ण तेवढंच जड मानायचं का? दार्याचा अपमान करायचा हेतू नाही, तिच्या हातात ते नव्हतं. पण प्रश्न राहतो.

---

अनुराधा_फेलबाख

सडेतोड, प्रश्न रास्त आहे. उलट तो तुम्ही मांडलात त्यापेक्षा मोठा आहे. रिशर १९७५ ला माद्रिदमध्ये जिंकली तेव्हा सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया आलेच नव्हते, फ्रँकोचा स्पेन म्हणून बहिष्कार. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पश्चिम जर्मनीच्या रेगिना वेबरला कांस्य मिळालं, तेव्हाही हे दोन्ही देश बहिष्कारामुळे बाहेर. आणि आता २०२४. जर्मन रिदमिकचे तिन्ही मोठे दिवस मॉस्कोच्या अनुपस्थितीत उजाडले. मी ही गोष्ट स्वतःपासून लपवत नाही.

पण तिन्ही वेळा परिस्थिती एकसारखी नव्हती. १९७५ आणि १९८४ मध्ये खेळातल्या दोन्ही महासत्ता एकदम गायब होत्या. पॅरिसमध्ये बल्गेरिया पूर्ण ताकदीने होता, इटली होती. राफाएली तर २०२२ ची जगज्जेती.

दुसरं म्हणजे रशियाची सद्दी बंदीच्या आधीच मोडली होती. टोकियो ऑलिम्पिकमध्ये इस्रायलची लिनॉय अश्राम १०७.८०० ला जिंकली, रशियाची दिना आवेरिना १०७.६५० वर राहिली. त्या दिवशी सगळे रशियन हजर होते. अश्रामच्या हातून तर शेवटी रिबन पडली होती, तरीही. तेव्हा "रशिया असता तर रशियाच" हे गृहीत धरता येत नाही.

आवेरिनासमोर दार्या जिंकली असती का? ती स्पर्धा झालीच नाही, म्हणून मी त्यावर दावा करणार नाही. पण व्हॅलेन्सियात पाचपैकी पाच घेणाऱ्या मुलीला मी कुणाहीसमोर निश्चिंतपणे उभी करीन.

---

सडेतोड_नगर

अश्रामचा मुद्दा मान्य. १९७५ चं माहीत नव्हतं. माझं समाधान पूर्ण झालेलं नाही, पण अर्ध्याहून जास्त झालं.

---

मुळाकाठ

एक शंका. रशियन मुलींची आडनावं "वा"ने संपतात ना, काबायेवा, कानायेवा? मग ही वार्फोलोमेयेव कशी?

---

अनुराधा_फेलबाख

रशियात ती वार्फोलोमेयेवाच झाली असती. जर्मन कागदपत्रांत साधारणपणे घरातल्या सगळ्यांचं आडनाव एकाच रूपात लिहिलं जात आलं आहे, बाईचं वेगळं रूप सहसा होत नाही. म्हणून असा शेवट झाला. आणि पहिलं नाव जर्मन वळणाने लिहिलं तरी उच्चार "दार्या"च, "दारजा" नाही. इथले समालोचकही सुरुवातीला चुकायचे.

---

सुमेधा_कोथरूड

मला खेळातलं फार कळत नाही, मी आई म्हणून विचारते. बारा वर्षांची मुलगी एकटी परक्या देशात, दिवसाचे कितीतरी तास सराव. तुम्ही सगळे कौतुक करताय आणि मलाही तिचं कौतुक आहे. पण माझ्या पोटात गोळा येतो. २०२४ च्या अखेरीस जर्मनीतल्या माजी जिम्नॅस्ट मुली एकापाठोपाठ एक बोलायला लागल्या, दुखापत असताना खेळवलं, वजनावरून बोललं गेलं, असं वाचलं होतं. ते तुमच्या श्टुटगार्टमधलंच ना? जिंकलेल्या एका मुलीमागे न जिंकलेल्या किती, हे कोण मोजतं?

---

अनुराधा_फेलबाख

हो सुमेधाताई, श्टुटगार्टमधलंच. ते प्रकरण कलात्मक जिम्नॅस्टिक्सचं, म्हणजे बीम, बार, व्हॉल्टवाल्या मुलींचं होतं, केंद्रही वेगळं. पण खेळ वेगळा म्हणून चिंता वेगळी होत नाही. त्या दिवसांत शाळेच्या फाटकाशी आम्हा आयांमध्ये दुसरा विषयच नव्हता. काहींनी मुलींना काढून घेतलं.

माझी लेक आठवड्यातून दोनदा जाते, हौस म्हणून. तिथे मी एकच नियम केला आहे: दुखलं तर त्याच दिवशी मला सांगायचं, आणि सांगितल्यावर मी प्रश्न विचारणार नाही, आधी विश्वास ठेवणार. तुम्ही विचारलंत ते, न जिंकलेल्यांचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दार्याला टाळ्या वाजवताना तो प्रश्न बाजूला ठेवायला मला जमत नाही, ठेवूही नये असं वाटतं.

---

रिबनवाली

सुमेधाताई, प्रशिक्षक म्हणून मीही हे रोज मनात बाळगते. सहा वर्षांच्या मुलीच्या आया मला विचारतात, "ही नॅशनलला जाईल का?" मी म्हणते, आधी तिला हूप आवडू द्या.

रास्किनाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. सिडनीचा निकाल आठवा: बार्सुकोवा ३९.६३२, रास्किना ३९.५४८, काबायेवा ३९.४६६. सगळ्यांना काबायेवा आठवते, कारण तिचं हूप हातातून सुटून गालिच्याबाहेर गेलं आणि हमखास मानलेलं सुवर्ण गेलं. रास्किनाकडे फार कुणी पाहिलं नाही. ती आदल्या वर्षी, १९९९ ला, जागतिक स्पर्धेतही दुसरीच होती. सुवर्णापासून ०.०८४ दूर. आमच्या खेळात हे अंतर म्हणजे एखादा वाकलेला गुडघा. अशी बाई चोवीस वर्षांनी गालिच्याच्या कडेला उभी राहून आपल्या शिष्येची रिबन बघत होती. निकाल लागल्यावर त्या दोघींनी मारलेली मिठी मी किती वेळा पाहिली असेन, सांगता येणार नाही.

आणि दार्याच्या खेळात रास्किना दिसते बरं का. रास्किनाची पाठीची लवचीकता आणि लांबलचक संथ रेषा, त्यावर सैबेरियातल्या पहिल्या नऊ वर्षांची पक्की तालीम. श्मीडेनने या दोन गोष्टी जोडल्या. म्हणून अनुराधाताईंचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ती "आणलेली" नाही हे खरं, पण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रिदमिकमध्ये निम्मा पाया घातलेला असतो. बर्नौलचा वाटा मोठा आहे, तो नाकारू नये.

---

अनुराधा_फेलबाख

मान्य. मी बर्नौलवर अन्यायच केला. तिच्या आईवर तर जास्तच, पहिलं हूप तिच्यामुळे हातात आलं.

तसं पाहिलं तर जर्मन रिदमिकची ही जुनीच रीत आहे. नव्वदच्या दशकातली माग्दालेना ब्र्झेस्का पोलंडच्या ग्दिनियाची, तिने जर्मन राष्ट्रीय विजेतेपदं २६ मिळवली. लंडन आणि रिओ ऑलिम्पिक खेळलेली याना बेरेझ्को-मार्गग्रांडर तोल्यात्तीची. पॅरिसमधली चौथी, कोलोसोव्ह, मात्र इथेच, पोट्सडामला जन्मलेली. पूर्वेकडची तालीम आणि इथली सभागृहं, यांचं जुनं नातं आहे.

आणखी मागे गेलं तर गंमत अशी, की तालावर शरीर हलवण्याची ही विद्या घडवण्यात याच देशाचा मोठा हात होता. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊत स्विस संगीतशिक्षक जाक-दालक्रोझ शिकवायचे, तिथे शिकलेल्या रुडोल्फ बोडेंनी भावाभिव्यक्तीची जिम्नॅस्टिक्स मांडली, पुढे हिनरिश मेडाऊंनी बर्लिनमध्ये चेंडू, हूप आणि क्लब्ज घेऊन वर्ग चालवले. तो धागा पूर्वेला जाऊन खेळ बनला आणि शंभर वर्षांनी एका मुलीच्या हातून परत आला.

---

ठाणेकर_७४

आपल्याकडचं थोडं. रिबनवालींनी ठाण्याचं नाव काढलं म्हणून. ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात रिदमिकची सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा आमच्या भागात बऱ्याच मुलींनी हूप घेतलं. माझ्या नातीनेही. अडचण जागेची आहे. १३ बाय १३ चा गालिचा अंथरायला आणि वर साधन फेकायला उंच छत हवं. नातीचा वर्ग भरतो त्या हॉलमध्ये पंखे लटकलेले, त्यामुळे मुली उंच फेकायला घाबरतात. कमी उंचीवर फेकायची सवय लागली की ती पुढे सुटत नाही, असं तिच्या बाई म्हणतात.

---

रिबनवाली

काका, अगदी बरोबर म्हणतात त्या. मी आठवड्यातून एकदा मुलींना पहाटे मैदानावर नेते, फक्त फेकायला. चेंडू आणि हूप चालतं. रिबन वाऱ्यात चालत नाही.

---

सुमेधा_कोथरूड

अनुराधा, ती आता पुढे काय करणार? वय तसं लहानच आहे.

---

अनुराधा_फेलबाख

ऑलिम्पिक जिंकल्यावर रिदमिकच्या कितीतरी मुली थांबतात. अश्राम थांबली. दार्या थांबली नाही. २०२५ पासून नवी नियमावली आली, सगळी रुटीन्स नव्याने बसवावी लागली, तरी रिओत ऑल-अराउंड पुन्हा तिचंच, निकोलोवा दुसरी, राफाएली तिसरी.

२०२६ ची जागतिक स्पर्धा फ्रँकफुर्टला ठरलेली आहे, ऑगस्टमध्ये. श्टुटगार्टहून रेल्वेने दीड तास. लेकीने गुल्लक फोडून तिच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडे आणून दिले आहेत. रिबनवाली, तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर आमच्याकडे फेलबाखला उतरा. श्मीडेनच्या सभागृहापर्यंत चालत नेईन, बाहेरून का होईना, बघता येईल.

---

रिबनवाली

पासपोर्ट काढायला टाकते. दोन विद्यार्थिनींच्या घरीही विचारते आहे. व्यक्तिगत निरोप करते, अनुराधाताई.